तारे नकोत, गिऱ्हाइकांचं काय झालं ते सांगा

"साहेब, पैसे गुंतवायला कुठलं ॲप चांगलं?"

हा प्रश्न मला हल्ली आठवड्यातून दोनदा तरी ऐकावा लागतो. विचारणारा कधी तिसऱ्या वर्षातला अग्निवीर असतो, कधी पेन्शनीला दोन वर्षं उरलेला हवालदार, तर कधी गावाकडून फोन करणारा माझ्या भरतीच्या वेळचा माजी सैनिक. सध्या मी उत्तर बंगालमध्ये आहे. छावणीभोवती चहाचे मळे, जवळचा बाजार लहान, आणि ड्युटीच्या वेळा अशा की बँकेत जायचं तर अर्धा दिवस मागून घ्यावा लागतो. त्यामुळे पगार फोनवर दिसतो, घरी फोनवरून जातो आणि उरला तर फोनवरूनच गुंतवला जातो. प्रश्न रास्त आहे. तरीही मी ॲपचं नाव सांगत नाही. का सांगत नाही, ते आज एकदाच सविस्तर लिहितो, म्हणजे पुढच्या वेळी लेखच पाठवता येईल.

या प्रश्नाची तयार उत्तरं द्यायचा एक मोठा धंदा उभा राहिलाय. "टॉप पाच ॲप", "नवशिक्यांसाठी सर्वोत्तम ॲप", "हे ॲप वापरा, पस्तावणार नाही" असे व्हिडिओ मराठीत, हिंदीत ढिगाने आहेत. त्यात गुण कशाला दिले जातात ते बघा. खातं किती मिनिटांत उघडतं. आलेख किती झोकदार. ब्रोकरेज किती कमी. रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून काळा पडदा आहे की नाही. मग पाचपैकी साडेचार तारे. आणि खाली एक दुवा: यावरून खातं उघडा. त्या दुव्यावरून तुम्ही खातं उघडलंत की तारे देणाऱ्याच्या खिशात पैसे पडतात.

तुमचं खातं उघडल्यावर ज्याला पैसे मिळतात, त्याच्या बोलण्याला परीक्षण म्हणत नाहीत. त्याला दलाली म्हणतात. दलाली हा गुन्हा नाही, पण तिला तिच्या नावाने हाक मारावी.

फौजेत कुठलंही नवं हत्यार किंवा गाडी आली की ट्रायल होते. वाळवंटात, बर्फात, चिखलात. शेरा विकणारा लिहीत नाही, वापरणारी पलटण लिहिते. आणि शेऱ्यात पहिला प्रश्न असतो की गरज पडली तेव्हा ते चाललं का. रायफल दिसायला देखणी आहे आणि खोक्यातून दोन मिनिटांत बाहेर निघते, एवढ्यावर कोणी पसंतीचा शेरा दिला तर आपण त्याला वेड्यात काढू. पैशाच्या ॲपला मात्र आपण अशाच शेऱ्यांवर आयुष्याची कमाई सोपवतो. ते वापरून किती जणांचे पैसे वाढले आणि किती जणांचे बुडाले, हा एकच आकडा कामाचा असतो, आणि तोच कुठल्याही परीक्षणात नसतो.

म्हणून मी विचारणाऱ्याला चार गोष्टी बघायला लावतो. त्यासाठी अर्थशास्त्र यावं लागत नाही.

पहिली गोष्ट: परवाना, आणि तोही काउंटरगणिक

ॲप एक असलं तरी आत काउंटर चार-पाच असतात. शेअर आणि म्युच्युअल फंडाच्या काउंटरवर सेबीची नजर असते. माणसाने माणसाला कर्ज द्यायच्या, म्हणजे पी-टू-पीच्या काउंटरवर रिझर्व्ह बँकेची. डिजिटल सोन्याच्या काउंटरवर कोणाची? सेबीने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्वतः जाहीर केलं की डिजिटल सोनं आपल्या कक्षेत येत नाही. म्हणजे एकाच पडद्यावर, एकाच रंगाच्या बटणांमागे, एका वस्तूला पहारा आहे आणि दुसरीला नाही. "ॲप सेबीकडे नोंदलेलं आहे" हे वाक्य ऐकून निर्धास्त होऊ नका. कुठल्या वस्तूसाठी नोंदलेलं आहे ते विचारा.

पी-टू-पीचं उदाहरण ताजं आहे. बारा टक्के व्याज, हवे तेव्हा पैसे परत, असं सांगून हे काउंटर कित्येक ॲपमध्ये चालत होते. जवानांना ती एफडीचीच मोठी बहीण वाटायची. प्रत्यक्षात तुम्ही अनोळखी माणसाला बिनतारण कर्ज देत होता, आणि त्याने ते बुडवलं तर नुकसान तुमचं. १६ ऑगस्ट २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने नियम कडक केले. खात्रीच्या परताव्याची आणि हवे तेव्हा पैसे काढण्याची लालूच दाखवून हे गुंतवणूक म्हणून विकायचं नाही, असं स्पष्ट बजावलं. त्यानंतर "कधीही काढा" हे बटण अनेक ठिकाणी गायब झालं. साडेचार तारे मात्र जुन्या व्हिडिओंत अजून चमकत आहेत.

याहून खालची पायरी म्हणजे सरळ सरळ बनावट ॲप. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर कोणी गटात घेतं, मोठ्या परदेशी संस्थेच्या खात्यातून शेअर स्वस्तात मिळवून देतो म्हणतं, प्ले स्टोअरबाहेरची फाइल उतरवायला लावतं. पडद्यावर नफा दिसतो, पैसे काढायला गेलं की आधी "कर" भरायला सांगतात. सेबीने फेब्रुवारी २०२४ मध्येच अशा टोळ्यांबद्दल जाहीर इशारा दिलाय. तिथे तपासणी एका मिनिटाची आहे. सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक बघा. ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत मध्यस्थांना "@valid" असलेले यूपीआय पत्ते मिळालेत आणि "सेबी चेक" या सोयीने तो पत्ता खरा की खोटा ते कळतं. पैसे एखाद्या खासगी माणसाच्या बचत खात्यात टाकायला सांगितले तर पुढे बोलूच नका. गेलेच असतील तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.

दुसरी गोष्ट: माल कोणाच्या कोठारात आहे

शेअर तुमच्या नावावर एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीत असायला हवेत. ॲप हे दार आहे, कोठार नव्हे. ॲप उद्या बंद पडलं तरी कोठारातला माल तुमचाच.

पण दारवानाच्या हाती किल्ली दिलीत तर? २२ नोव्हेंबर २०१९ रोजी सेबीने हैदराबादच्या कार्वी स्टॉक ब्रोकिंगवर आदेश काढला, तेव्हा देशाला याचं उत्तर कळलं. गिऱ्हाइकांनी दिलेल्या मुखत्यारपत्राच्या जोरावर त्यांचे दोन हजार कोटींहून जास्त किमतीचे शेअर गैरमार्गाने वापरले गेले होते, आणि ते तारण ठेवून कर्जं उचलली होती. कार्वी काही गल्लीबोळातली टोळी नव्हती. नाव मोठं, परवाना खरा, शाखा गावोगाव.

त्यानंतर व्यवस्था सुधारली हे मान्य करायला हवं. सप्टेंबर २०२० पासून तारण ठेवलेले शेअर तुमच्याच डिमॅट खात्यात राहतात आणि तारणाची नोंद डिपॉझिटरीत होते. जुन्या सर्वव्यापी मुखत्यारपत्राच्या जागी २०२२ पासून मर्यादित अधिकाराचा डीडीपीआय आला. तरी सवय आपली आपण लावायची. डिपॉझिटरीकडून ईमेलवर एकत्रित विवरण येतं, त्याला कॅस म्हणतात. ॲप काय दाखवतं ते बाजूला ठेवून महिन्यातून एकदा हे विवरण उघडा आणि आकडे जुळवा. कोतची मोजणी आपण रोज करतो. ही महिन्यातून एकदा करायला काय हरकत आहे? सध्या बहुतेकांच्या खात्याला जोडलेला ईमेल पत्ता सायबर कॅफेवाल्याने किंवा मेहुण्याने काढून दिलेला असतो आणि त्याचा पासवर्ड कोणालाच आठवत नाही. आधी तो दुरुस्त करा.

तिसरी गोष्ट: ॲपची चूल कशावर पेटते

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा.

शेअर विकत घेऊन ठेवून दिले तर कित्येक ॲप ब्रोकरेज घेत नाहीत किंवा अगदी थोडं घेतात. म्युच्युअल फंडाच्या डायरेक्ट योजनेत त्यांना कमिशन मिळत नाही. मग एवढ्या जाहिराती, एवढे इंजिनिअर, क्रिकेटच्या मधले एवढे ब्रेक कशातून परवडतात? मोठा वाटा येतो सतत सौदे करणाऱ्यांकडून, त्यातही फ्युचर्स आणि ऑप्शन्सवाल्यांकडून. तिथे प्रत्येक ऑर्डरला साधारण वीस रुपये हा रूढ दर आहे. वीस रुपये म्हणजे दोन चहा, असं वाटतं. हिशेब करू. दिवसाला पाच सौदे म्हणजे घ्यायच्या पाच आणि विकायच्या पाच, दहा ऑर्डर, दोनशे रुपये. महिन्याला वीस दिवस, चार हजार रुपये. चौथ्या वर्षी अग्निवीराच्या हातात महिन्याला २८ हजार पडतात. म्हणजे पगाराचा सातवा हिस्सा नुसत्या ब्रोकरेजला गेला, सौदा फायद्याचा होवो की तोट्याचा. एसटीटी, एक्स्चेंजचं शुल्क, जीएसटी अजून मोजलेलंच नाही.

आता सेबीचे आकडे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणारे एक कोटीहून जास्त वैयक्तिक लोक सेबीने तपासले. त्यांतले ९३ टक्के तोट्यात. सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख. एकूण बुडाले १ लाख ८० हजार कोटींहून जास्त. खर्च वजा जाता लाखाच्या वर नफा उरला तो फक्त एक टक्का लोकांना. २०२३-२४ मध्ये माणशी सरासरी २६ हजार रुपये निव्वळ व्यवहारखर्चात गेले, म्हणजे तिसऱ्या वर्षातल्या अग्निवीराचा हातात येणारा एक महिन्याचा अख्खा पगार. या खेळाडूंपैकी पाऊणहून जास्त लोकांनी आपलं वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत असल्याचं सांगितलं होतं. तीस वर्षांखालच्या पोरांचं प्रमाण एका वर्षात ३१ वरून ४३ टक्क्यांवर गेलं. पुढचं वर्ष, २०२४-२५, आणखी वाईट निघालं: ९१ टक्के तोट्यात आणि एकूण तोटा १ लाख ५ हजार कोटींच्या पुढे.

समोर कोण बसलंय हेही बघा. २०२३-२४ मध्ये सामान्य माणूस हरत असताना स्वतःच्या पैशावर खेळणाऱ्या संस्थांनी ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदारांनी २८ हजार कोटी ढोबळ नफा काढला. त्यांचा बहुतेक नफा संगणकाने आपोआप केलेल्या सौद्यांतून आला. ३ जुलै २०२५ रोजी सेबीने जेन स्ट्रीट या अमेरिकी कंपनीवर अंतरिम आदेश काढून ४,८४३ कोटी रुपये जमा करायला लावले, निर्देशांकाशी खेळ केल्याचा ठपका ठेवून. कंपनीने आरोप नाकारले आहेत आणि अंतिम निकाल काय लागायचा तो लागेल. मला त्यातून एवढंच दाखवायचंय की गस्तीवरून आलेला आपला पोरगा खाटेवर आडवा पडून, एका काडीच्या नेटवर्कवर, कोणाशी लढायला निघालाय. शत्रूचं बळ, जागा, हत्यार यातलं काहीच माहीत नसताना सेक्शन पुढे काढणाऱ्या कमांडरला आपण काय म्हणतो?

माझ्या पाहण्यातला एक लान्स नायक आहे. नाव, गाव सांगणार नाही. पगाराच्या खात्यावर बँकेने आधीच मंजूर करून ठेवलेलं पाच लाखांचं कर्ज त्याने फोनवर चार बटणं दाबून उचललं आणि ऑप्शन्समध्ये लावलं. अडीच महिन्यांत सव्वाचार लाख गेले. आता महिन्याला जवळजवळ अकरा हजारांचा हप्ता आहे, पाच वर्षं. घरी पैसे का येत नाहीत, हे विचारायला त्याच्या बायकोने कंपनीत फोन केला, तेव्हा आम्हाला कळलं. आता माझा मुद्दा नीट ऐका. त्या ॲपने त्याला फसवलं नव्हतं. परवाना खरा होता, शेअर-पैसे त्याच्याच खात्यात होते, शुल्क ठरल्याप्रमाणेच कापलं होतं. खातं दहा मिनिटांत उघडलं होतं आणि आलेख सुंदर होते. तारे देणाऱ्यांच्या प्रत्येक कसोटीवर ते ॲप पास झालं. फक्त पोरगा नापास झाला, आणि तो विषय त्यांच्या प्रगतिपुस्तकात नाही.

म्हणून विचारा: मी वर्षभर काहीच न करता गप्प बसलो तर हे ॲप माझ्यावर किती कमावेल? उत्तर "जवळजवळ शून्य" असेल, तर तुम्हाला हलवायला ते रोज काहीतरी करणार हे गृहीत धरा. सकाळी सव्वानऊला बाजार उघडल्याची सूचना, "आजचे सर्वाधिक वाढलेले", "तुमचे मित्र काय घेत आहेत". हे सगळं तुमच्या सेवेसाठी नसतं.

चौथी गोष्ट: बाहेर पडायचं दार

आत जायला दहा मिनिटं, बाहेर यायला किती? हजार रुपये घाला, आठवड्याने काढा, खात्यात किती दिवसांत आले ते लिहून ठेवा. तक्रारीला माणूस उत्तर देतो की यंत्र, ते बघा. सेबीच्या स्कोअर्स या तक्रार व्यवस्थेत संस्थेला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तिचा वापर शिकून घ्या. नामनिर्देशन भरलंय का, हेही इथेच तपासा. आपल्या पेशात ते उद्यावर टाकायचं नसतं, आणि घरच्यांना खात्याची माहिती असणं हा गुंतवणुकीचाच भाग आहे.

आता प्रतिवाद

पहिला प्रतिवाद दमदार आहे. ॲप नव्हती तेव्हा काय सोनं पिकत होतं? छावणीच्या गेटबाहेर एजंट बसायचा, पोराच्या हातात पहिल्याच पगाराला वीस वर्षांची विमा पॉलिसी ठेवायचा. मधे सोडली तर भरलेल्यातलं निम्मं जायचं. शेअर बाजार हे शहरातल्या लोकांचं काम होतं. मार्च २०२० मध्ये देशात चार कोटींच्या आसपास डिमॅट खाती होती, ऑगस्ट २०२५ मध्ये ती वीस कोटींच्या पुढे गेली. दूरच्या चौकीवरचा जवान आज मुंबईच्या माणसाइतक्याच दरात म्युच्युअल फंड घेतो. हे ॲपमुळेच झालं.

अगदी खरं. आणि त्याचा फायदा किती मोठा आहे तेही सांगतो. १ जानेवारी २०१३ पासून म्युच्युअल फंडाच्या डायरेक्ट योजना आहेत, ज्यात एजंटाचं कमिशन नसतं. समजा महिन्याला दहा हजार, वीस वर्षं. वर्षाला १२ टक्के मिळाले तर सुमारे ९९ लाख होतात. कमिशनपोटी एक टक्का कमी होऊन ११ टक्के मिळाले तर साडेशहाऐंशी लाख. फरक बारा लाखांच्या वर. म्हणून ॲप जाळून टाका असं मी म्हणत नाही. पण हा फायदा घ्यायला साधं, कंटाळवाणं दार पुरतं. फंड कंपनीचं स्वतःचं संकेतस्थळ चालतं, एमएफ सेंट्रल चालतं, त्याला डिमॅट खातंही लागत नाही. ज्या ॲपने हे दार उघडलं तेच शेजारच्या जुगाराच्या दाराकडे ढकलत असेल, तर पहिल्या उपकारासाठी दुसरा अपकार माफ होत नाही.

दुसरा प्रतिवाद: जवान सज्ञान आहे, देशाने त्याच्या हातात बंदूक दिलीय, त्याचे पैसे त्याने कुठे घालायचे हे सांगणारे तुम्ही कोण? मी त्याचा निर्णय घेत नाही. निर्णयाला लागणारी माहिती मागतोय. बंदूकही आपण कोणाच्या हाती शिकवल्याशिवाय देत नाही.

तिसरा: धोक्याची सूचना तर ॲप देतातच. हो, देतात. जुलै २०२३ पासून सेबीने ती सक्तीची केलीय. दहापैकी नऊ जण तोट्यात जातात असा मजकूर येतो, पोरगा "समजलं" दाबतो आणि पुढे जातो. कारण तो आकडा साऱ्या देशाचा असतो आणि प्रत्येकाला वाटतं आपण दहावे.

माझी मागणी इथे आहे. देशाचा आकडा नको, तुमच्या ॲपचा द्या. युरोपात भावांच्या चढउतारावर पैज लावायच्या सीएफडी नावाच्या सौद्यांना २०१८ पासून हा नियम आहे: प्रत्येक कंपनीने आपल्या स्वतःच्या किती टक्के गिऱ्हाइकांचे पैसे बुडाले ते जाहिरातीतच छापायचं. तिकडे गिऱ्हाईक दोन कंपन्या शेजारी ठेवून बघू शकतं. आपल्याकडे प्रत्येक ॲपकडे हा आकडा आहे. रोजचा, पैशापर्यंतचा. तो पहिल्या पानावर छापा. सोबत माझ्या खात्याचा, उघडल्यापासूनचा, सगळे खर्च वजा केलेला निव्वळ नफा-तोटा मोठ्या अक्षरांत दाखवा. मग कुठलं ॲप चांगलं ते मीही सांगेन. आकडा दाखवायला जो तयार नाही, त्याला तारे द्यायला मी तयार नाही.

हे आत्ताच का लिहितोय

कारण तारीख जवळ आलीय. अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ च्या अखेरीस आणि २०२७ च्या सुरुवातीला भरतात. त्यांतले फार तर पंचवीस टक्के राहतील. बाकीचे बाविशी-पंचविशीची पोरं सेवानिधीचे सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये घेऊन घरी जातील. पेन्शन नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर, बीड, बुलढाणा इथल्या घरांत एवढी रक्कम एकहाती कधी आलेली नसते. ही पोरं नेमकी त्या वयाची, त्या उत्पन्नाची आणि त्या फोनवर वाढलेली आहेत ज्यांचा आकडा सेबीच्या अहवालात सर्वांत वेगाने वाढतोय. रक्कम जमा व्हायच्या आधी त्यांच्या फोनवर कोण कोण हजर असेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

जुलै २०२० मध्ये सेनेने सुरक्षेसाठी ८९ ॲप फोनमधून काढायला लावली. माहिती फुटू नये म्हणून ते योग्यच होतं. कर्जात बुडालेला जवान हाही सुरक्षेचाच प्रश्न आहे, आणि तो ज्या ॲपमधून बुडतो त्याबद्दल सैनिक संमेलनात एक वाक्यही बोललं जात नाही. दर तीन महिन्यांनी एक तास द्या. बोलायला असा माणूस आणा जो काहीच विकत नाही. बँकेचा, विम्याचा, ॲपचा प्रतिनिधी नको, चहा-बिस्किटं त्याच्याकडून असली तरी नको.

आणि माजी सैनिकांनो, हे तुमच्यासाठी. पलटणीच्या ग्रुपवर "माझ्या लिंकवरून खातं उघडा" हे टाकायचं बंद करा. दोन-तीनशे रुपयांच्या बक्षिसासाठी तुम्ही जे विकता ते ॲप नसतं. ते असतं तुमच्या नावापुढचं "सुभेदार" किंवा "हवालदार". गावातला पोरगा कंपनीवर विश्वास ठेवत नाही, तुमच्यावर ठेवतो. त्या विश्वासाची किंमत ठगांना आपल्याहून चांगली ठाऊक आहे, म्हणून ते पहिल्यांदा तुम्हालाच गाठतात. पोरांना सांगायचंच असेल तर जे कोणी जाहिरातीत सांगत नाही ते सांगा. भविष्य निर्वाह निधीत वर्गणी वाढवता येते. निवृत्त सैनिकाला ज्येष्ठ नागरिक बचत योजना पन्नाशीतच खुली होते, साठीची वाट बघावी लागत नाही. या गोष्टींवर कुणाला कमिशन नाही, म्हणून त्यांचा व्हिडिओ नाही.

सेवानिधी घेऊन निघणाऱ्या पोराला माझं सांगणं दोन ओळींचं आहे. पहिले सहा महिने रक्कम सरकारी बँकेत साध्या मुदत ठेवीत ठेव आणि कोणी विचारलं तर ती आईच्या नावावर आहे असं सांग. खातं उघडशील तेव्हा फ्युचर्स-ऑप्शन्सचा विभाग चालू करू नकोस. तो आपोआप चालू होत नाही, त्यासाठी उत्पन्नाचा पुरावा वेगळा मागतात. तो मागतील तेव्हा देऊ नकोस.